सद्भावाचा अहवाल मागू नका

प्रति,
आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्त्यांचे विश्वस्त आणि निवड समित्यांचे सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

तुमच्या अर्जात एक प्रश्न ठरलेला असतो. संस्था कुठलीही असो, शब्द थोडे इकडचे तिकडे होतात एवढंच: 'दोन संस्कृतींमधला सद्भाव वाढवण्यासाठी तुम्ही काय कराल? पाचशे शब्दांत लिहा.' मी शिक्षिका आहे. शिफारसपत्रं लिहिणं, निबंध वाचून देणं, मुलाखतीचा सराव करून घेणं हा माझ्या कामाचाच भाग होऊन बसलाय. त्यामुळे या प्रश्नाची उत्तरं मी ढिगाने वाचली आहेत, आणि ती जवळजवळ सगळी एकाच साच्यातली असतात. 'मी सेतू होईन.' 'माझ्या देशाची कला तिथल्या लोकांपर्यंत पोहोचवेन.' 'परत आल्यावर तिथले अनुभव तरुणांना सांगेन.' मुलं खोटं बोलत नाहीत. वाचणाऱ्याला काय हवंय ते त्यांना नेमकं कळलेलं असतं आणि ती ते मुकाट देऊन टाकतात.

हे पत्र लिहायचं कारण एवढंच, की ज्या गोष्टीसाठी तुम्ही इतका खर्च करता ती या रीतीने हाती लागत नाही. माणसं बरोबरीच्या नात्याने, पुरेसा काळ, काहीतरी एकत्र करत राहिली की सद्भाव मागाहून येतो. कधी कधी फारच मागाहून. तुमच्या नियमांत मात्र तो अर्जातच हजर लागतो आणि वर्ष संपताना अहवालात मोजून दाखवावा लागतो.

या शिष्यवृत्त्यांचा इतिहास मी तुम्हाला सांगायला नको. पण तुमच्या माहितीपत्रकांत तो ज्या थाटात येतो, त्यात बरंच काही गाळलेलं असतं. दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांवर गब्बर झालेल्या सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश साम्राज्यवाद्याने मृत्युपत्रात ऑक्सफर्डला शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या; त्यात वसाहतींबरोबर अमेरिकेलाही जागा दिल्या आणि नंतर पुरवणी जोडून जर्मनीलाही. शिक्षणाचं नातं सगळ्यांत घट्ट असतं, ब्रिटन, अमेरिका आणि जर्मनीचं एकमेकांशी जुळलं की युद्धच अशक्य होईल, असा त्याचा हिशेब होता. १९०२ मध्ये तो गेला. बाराच वर्षांत त्यातले दोन देश एकमेकांवर तोफा डागत होते, आणि १९१६ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून जर्मन शिष्यवृत्त्या रद्दच केल्या. पुढे त्या सुरू झाल्या, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा बंद पडल्या. मधल्या काळात ऑक्सफर्डला शिकून गेलेला अॅडम फॉन ट्रॉट हिटलरविरोधी कटात सामील झाला आणि १९४४ मध्ये फासावर गेला. त्याच्या धैर्याचं श्रेय शिष्यवृत्तीला देण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. जर्मनीत हिटलरला विरोध करणारे बहुतेक लोक कधी ऑक्सफर्डची पायरी चढले नव्हते. आणि जाता जाता एक: जगाच्या ऐक्याच्या या योजनेत बायकांना शिरकाव मिळायला १९७७ साल उजाडावं लागलं.

अमेरिकन सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीची गोष्ट तर मला त्याहून विचार करायला लावणारी वाटते. जे. विल्यम फुलब्राइट स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकला होता. १९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेचा प्रचंड लष्करी माल देशोदेशी पडून होता. विकावा तर घेणाऱ्यांकडे डॉलर नाहीत. मग त्यांनी आपापल्या चलनात पैसे भरावेत आणि त्यातून विद्यार्थ्यांची आणि अध्यापकांची देवाणघेवाण व्हावी, असं विधेयक या सिनेटरने मांडलं. फारशी चर्चा न होता ते मंजूर झालं आणि १ ऑगस्ट १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची त्यावर सही झाली. इतकी साधी आणि इतकी अक्कलहुशारीची कल्पना सार्वजनिक कारभारात क्वचितच बघायला मिळते. पण याच फुलब्राइटने १९५६ मध्ये काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या एकत्र शाळांना विरोध करणाऱ्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खासदारांच्या जाहीरनाम्यावर सही केली आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत दिलं. जगभरच्या तरुणांना एका वर्गात बसवणाऱ्या माणसाला आपल्याच राज्यातली मुलं एका वर्गात बसलेली चालत नव्हती. व्हिएतनाम युद्धाला त्याने पुढे केलेला विरोध कुणी नाकारणार नाही, आणि त्याला लहान करावं असा माझा हेतूही नाही. ऑक्सफर्डच्या तीन वर्षांनी त्याचं मन जगासाठी मोठं केलं, घरासाठी नाही केलं, हे फक्त नोंदवून ठेवते. परदेशात राहिलं की माणूस आपोआप उदार होतो असं गृहीत धरून तुम्ही नियम करता, म्हणून.

आणखी एक जोडी पाहा. परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतर चीनकडून वसूल केलेल्या भरपाईतली जादा रक्कम शिष्यवृत्त्यांच्या रूपाने परत करायची, असं अमेरिकेने १९०८ मध्ये ठरवलं. त्या पैशावर हू शी हा चिनी तरुण १९१० मध्ये अमेरिकेला गेला आणि १९१५ पासून कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्याकडे शिकू लागला. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात तिथेच होते, आणि ड्यूईंच्या व्याख्यानांचा त्यांच्यावर झालेला परिणाम आपण सगळे जाणतो. एकाने परतून चिनी साहित्याला बोलीभाषेकडे वळवलं. दुसऱ्यांनी काय केलं ते मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. दोघांनीही पहिला हात घातला तो आपापल्या घरच्या प्रश्नांना. दोन देशांमधला स्नेह वाढला का, या तुमच्या रकान्यात दोघांच्या नावापुढे काय लिहाल? मला वाटतं, तुम्ही तो रकाना कोरा सोडाल, आणि त्या दोन शिष्यवृत्त्यांहून अधिक कारणी लागलेला पैसा शोधून सापडणं कठीण आहे.

आता काळाबद्दल, कारण माझी सगळ्यांत मोठी तक्रार तीच आहे.

स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या दोनशेहून अधिक देशबांधवांचा अभ्यास करून १९५५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सहा महिन्यांपेक्षा कमी राहून आलेले लोक खूश होते. अठरा महिन्यांहून जास्त राहिलेलेही बरेच रुळले होते. अडचण होती ती मधल्यांची, सहा ते अठरा महिने राहिलेल्यांची. ते एकटे पडलेले, कुढणारे, यजमानांवर नाराज. ही वक्ररेषा सगळ्यांना लागू पडत नाही असं पुढच्या काही अभ्यासांत दिसलंय, तेव्हा तिला काही निसर्गनियम समजू नका. पण मी जे वर्षानुवर्षं बघत आलेय त्याच्याशी ती इतकी जुळते, की मला ती बाजूला टाकता येत नाही.

कारण मला निरोप येतात. पहिल्या महिन्यातले निरोप लांबलचक, फोटोंनी भरलेले: ग्रंथालय, झाडं, रस्त्यावरची शिस्त. मग ते आखडत जातात. पाचव्या-सहाव्या महिन्यात ठरलेलं वाक्य येतं: 'इथले लोक हसून बोलतात, पण त्यापुढे जात नाहीत.' हे वाक्य मी इतक्या वेगवेगळ्या देशांतून ऐकलंय की त्यात कुठल्याच देशाचा दोष नसावा. त्यानंतरचे दोन-तीन महिने मुलं आपल्याच भाषेच्या माणसांत दडून बसतात. आणि मग कधीतरी, सगळं सुरळीत झालं तर, एक अगदी वेगळा निरोप येतो. एका मुलीने लिहिलं होतं, की बाजूच्या खोलीतल्या मुलाने घर बदलायला मदतीला बोलावलंय, जिन्यावरून कपाट उतरवायचंय. तिला त्या कपाटाचा कोण आनंद झाला होता! पाहुण्याला कुणी ओझं उचलायला बोलावत नाही. ती पाहुणी राहिली नव्हती. पण तेव्हा तिच्या परतीच्या तिकिटाला थोडेच दिवस उरले होते.

तुमच्या बहुतेक शिष्यवृत्त्या नऊ, दहा, फार तर बारा महिन्यांच्या. म्हणजे लिसगार्डने दाखवलेल्या खड्ड्याच्या बरोबर तळाशी तुम्ही माणसाला विमानात बसवता आणि हातात समाधानाचा अर्ज देता. पैसे मर्यादित आहेत हे मला कळतं. पण मग जागा कमी करा आणि मुदत वाढवा. ते जमत नसेल तर वर्षाच्या शेवटी सहा महिने थांबायची मुभा द्या, बिनपगारी का होईना, व्हिसाच्या कागदावर तुमची सही द्या. तेही नाही तर दोन-तीन वर्षांनी त्याच गावी महिनाभर परत जायचा खर्च उचला. दुसऱ्यांदा जाणारा माणूस त्या गावाचा कुणीतरी असतो. शंभर जणांना पाठवल्याचा आकडा साठ जणांना नीट पाठवल्याच्या आकड्यापेक्षा वार्षिक अहवालात शोभून दिसतो, इथेच सगळं घोडं अडतं अशी मला शंका आहे.

यजमानांविषयी तुम्ही बोलतच नाही. निवड होते ती जाणाऱ्याची. ज्या घरात, ज्या वसतिगृहात, ज्या विभागात तो जाणार त्यांना कुणी पाच ओळी लिहायला सांगत नाही. अॅलन लॉक हा ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवणारा पहिला आफ्रिकन अमेरिकन. १९०७ मध्ये समितीने त्याला निवडलं, आणि ऑक्सफर्डच्या एकामागून एक कॉलेजांनी त्याला प्रवेश नाकारला. शेवटी हर्टफर्ड कॉलेजने घेतलं. दक्षिणेतून आलेले त्याचेच अमेरिकन सहशिष्यवृत्तीधारक त्याच्याबरोबर एका पंगतीला बसायला तयार नव्हते. त्याच्यानंतर दुसरा आफ्रिकन अमेरिकन ऱ्होड्स विद्यार्थी निवडला जायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. किंवा मॉस्को घ्या. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या तरुणांसाठी सोव्हिएत सरकारने १९६० मध्ये मैत्रीच्या नावाने एक अख्खं विद्यापीठ उभं केलं, शिकवणं फुकट, वर विद्यावेतन. आणि डिसेंबर १९६३ मध्ये, घानाच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर, शेकडो आफ्रिकी विद्यार्थी रेड स्क्वेअरवर वंशभेदाविरुद्ध निदर्शनं करत होते. दोन्ही ठिकाणी आमंत्रण खरं होतं, पैसाही खरा होता. राहायचं ज्यांच्यात, त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं, तयारही केलं नव्हतं.

तयार करणं म्हणजे 'आंतरराष्ट्रीय संध्या' नव्हे. त्या संध्येचे फोटो मला दरवर्षी येतात. टेबलावर छोटा झेंडा, अंगात असे कपडे जे त्या मुलाने घरी असताना कधी घातले नव्हते, समोर कागदी थाळी घेऊन उभे असलेले प्राध्यापक. दोन तास सगळे एकमेकांचं कौतुक करतात, मग खुर्च्या रचून ठेवतात. याच्या उलट, एका माजी विद्यार्थ्याने सांगितलेली वसतिगृहातल्या सामाईक स्वयंपाकघराची हकिगत ऐका. फ्रिजच्या कप्प्यांवर नावांच्या चिठ्ठ्या. सिंकमध्ये कुणाचं तरी भांडं दोन दिवस पडलेलं. त्यावर आधी सभ्य चिठ्ठी, मग कमी सभ्य, मग तिसऱ्या हस्ताक्षरात एक जिव्हारी लागणारी, ज्यात भांड्यापेक्षा देशाचाच उल्लेख जास्त. रात्री सगळे खोल्यांतून बाहेर आले आणि कडाक्याचं भांडण झालं. कुणीतरी रडलं. शेवटी धुण्या-पुसण्याच्या पाळ्या ठरल्या आणि त्या वर्षभर पाळल्या गेल्या. तो म्हणाला, 'त्या रात्रीनंतर आम्ही एकमेकांशी खोटं गोड बोलणं बंद केलं.' आज ती मंडळी एकमेकांच्या लग्नांना जातात. तुमच्या अहवालाच्या नमुन्यात या भांडणाला जागा नाही. संध्येला आहे, फोटो जोडण्याची सोयही आहे.

समाजमानसशास्त्रात हे फार आधी सांगून झालंय. नुसत्या संपर्काने पूर्वग्रह जातात असं नाही. दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज हवी आणि वरच्या अधिकाऱ्यांचा पाठिंबा हवा, असं गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं. पुढे २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतात, आणि या अटी पाळल्या तर जास्त कमी होतात, असं त्यांना आढळलं. ध्येय एक असावं म्हणजे काय, ते प्रयोगशाळेत रात्री जागणाऱ्या कुठल्याही दोघांना विचारा. तुमच्या शिष्यवृत्तीधारकाला तुम्ही पाहुणा म्हणून भाषणाला उभं करता, तेव्हा यातली एकही अट पुरी होत नाही.

आणि आता टीकेबद्दल. १९५८ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात देवाणघेवाणीचा करार झाला. पहिल्याच तुकडीत अलेक्सांद्र याकोव्हलेव्ह नावाचा पक्षाचा कार्यकर्ता वर्षभरासाठी कोलंबिया विद्यापीठात आला. (त्याच तुकडीत केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेचा ओलेग कालुगिनही होता. समित्यांना कधी कधी काय काय निवडून येतं, बघा.) याकोव्हलेव्हने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या न्यू डील या आर्थिक कार्यक्रमाचा अभ्यास केला, परत गेला आणि पुढची बरीच वर्षं अमेरिकेवर कडवट टीका करणारं लिखाण करत राहिला. त्या वर्षाचा अहवाल लिहिणाऱ्याने काय लिहिलं असतं? पैसे वाया गेले. १९७२ मध्ये त्याने आपल्याच देशातल्या राष्ट्रवादी सुरावर लेख लिहिला आणि त्याची उचलबांगडी होऊन तो राजदूत म्हणून कॅनडात गेला. तिथे दहा वर्षं काढली. १९८३ मध्ये, पुढे सोव्हिएत संघाचे नेते झालेले गोर्बाचेव्ह कॅनडाच्या दौऱ्यावर आले तेव्हा दोघांच्या मोकळ्या गप्पा झाल्या, आणि पुढे ग्लासनोस्तचा, म्हणजे सोव्हिएत कारभारात आणलेल्या मोकळेपणाचा, शिल्पकार म्हणून जग याकोव्हलेव्हला ओळखू लागलं. कोलंबियातलं वर्ष आणि ग्लासनोस्त यांच्यात एक सरळ रेघ मी ओढणार नाही. त्या वर्षाची किंमत १९५९ मध्ये कुणालाही ठरवता आली नसती, एवढं मात्र छातीठोक सांगते.

उलटं उदाहरणही दडवून ठेवू नये. सय्यद कुतुब या लेखकाला इजिप्तच्या शिक्षण खात्याने १९४८ मध्ये अमेरिकेत शिकायला पाठवलं. कोलोरॅडोतल्या ग्रीली नावाच्या शांत गावात तो राहिला आणि १९५० मध्ये परतला तो त्या समाजाबद्दलची घृणा घेऊन; पुढे त्याचं लिखाण कडव्या इस्लामी चळवळींचा आधार झालं. जाताना त्याच्या मनात काय होतं आणि तिथे काय भर पडली, याचा वाद अभ्यासक घालत राहतील. पण कुणी पाठवलं म्हणून माणूस प्रेमात पडत नाही, हे मान्य करूनच शिष्यवृत्ती द्यायची असते. ती जोखीम नको असेल तर सरळ पर्यटन खात्याला देणगी द्या.

म्हणून विनंती अशी, की शिष्यवृत्तीधारकाने यजमान देशावर टीका केली तर ती नुसती खपवून घेऊ नका, तिची वाट बघा. करारपत्रात 'टीका करू नये' असं कुठे लिहिलेलं नसतं, पण मुलांना कळतं. अहवालाच्या आधीच्या नमुना-प्रती त्यांना वाचायला मिळतात, त्यांत सगळेच भारावलेले असतात. पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीला अर्ज करायचाय हेही त्यांच्या डोक्यात असतं. एका मुलाने मला आपला अहवाल पाठवण्याआधी दाखवला होता. घरमालकाने त्याचं नाव ऐकून खोली नाकारली होती, ती ओळ त्याने लिहून खोडली होती. मी ती परत घालायला सांगितली. त्याने नाही घातली, आणि त्याचं कारण मला पटलं.

परतीबद्दल थोडक्यात लिहिते, खरं तर त्यावर स्वतंत्र पत्र व्हावं. फुलब्राइटवर जाऊन आलेल्या अमेरिकनांचा अभ्यास करून जॉन आणि जीन गुलाहॉर्न या दांपत्याने १९६३ मध्ये दाखवलं, की घरी परतल्यावर माणूस दुसऱ्यांदा तसाच कोसळतो. कुणाला त्याच्या गोष्टी ऐकायच्या नसतात, आणि त्याला जुन्या गोष्टी जुन्या नजरेने दिसत नाहीत. तुमच्यातल्या अनेकांची अट आहे, दोन वर्षं मायदेशी राहिलंच पाहिजे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीची आहे, फुलब्राइटच्या व्हिसालाही आहे. अट योग्य असेल. पण परत आल्यावर त्याची पदवी कोण मानणार, त्याला काम कुठे मिळणार, याची चौकशी करायला तुमच्याकडे माणूस नसतो. सोफिया कोर्राडी ही इटालियन तरुणी १९५० च्या दशकाच्या अखेरीस फुलब्राइटवर कोलंबियात कायदा शिकून आली आणि तिच्या रोममधल्या विद्यापीठाने ते शिक्षण धरायला नकार दिला. गुणगौरव झाला असता तर ती कदाचित गप्प बसली असती. अपमान झाला, म्हणून तिने परदेशी शिक्षण मोजलं जावं यासाठी जवळपास दोन दशकं खात्यांचे उंबरे झिजवले, आणि तिच्या खटपटीचा धागा १९८७ मध्ये सुरू झालेल्या, युरोपातल्या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या एरास्मस योजनेपर्यंत जातो. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. विद्यार्थी, शिक्षक, शिकाऊ कामगार असे सगळे धरून आजवर जाऊन आलेल्यांची एकूण संख्या एक कोटीच्या कितीतरी पुढे आहे. सेतूबितूची भाषणं न करता, एका विद्यापीठाचे गुण दुसऱ्याने मानायचे, या रुक्ष कारकुनी तरतुदीवर ही एवढी ये-जा उभी आहे.

ये-जा हा शब्द मुद्दाम वापरतेय. फ्रान्स आणि जर्मनी यांनी जानेवारी १९६३ मध्ये एलिझे करार केला आणि त्याच वर्षी तरुणांसाठी एक संयुक्त कार्यालय उघडलं. पैसा दोघांचा सारखा, अधिकार सारखे, आणि केवळ हुशार पदवीधर नव्हेत, तर शाळकरी मुलं, कारखान्यांतले शिकाऊ कामगार सगळ्यांना दार उघडं. पाऊणशे वर्षांत तीन वेळा एकमेकांवर चालून गेलेले हे देश. याउलट ब्रिटनने एरास्मस सोडून २०२१ मध्ये ट्युरिंग योजना आणली, तिच्यात फक्त बाहेर जाणाऱ्यांचा खर्च होता. येणाऱ्यांसाठी वेल्सला आपली वेगळी योजना काढावी लागली. तुमच्यातल्या कितीतरी संस्था पिढ्यान् पिढ्या एकाच दिशेने माणसं नेत आहेत. श्रीमंत देशाचा तरुण गरीब देशात 'सेवेला' जातो, गरीब देशाचा तरुण श्रीमंत देशात 'शिकायला'. दोघांनीही शिकायला जावं अशी सोय कुणी का करत नाही?

निवडीबद्दल एकच सांगते. सराव-मुलाखतीत एका मुलीला तुमचा तो ठरलेला प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, 'ते तिथे गेल्यावर कळेल. आधी काही महिने मी ऐकणार.' बाकीची मुलं हसली. खऱ्या मुलाखतीतही तिने तेच सांगितलं आणि तिचं नाव प्रतीक्षायादीत गेलं. पुढे यादी हललीच नाही. ज्यांची निवड झाली ती मुलं चांगलीच होती, पण बहुतेक सगळी आधी कुठे ना कुठे जाऊन आलेली, चारचौघांत बोलायला सरावलेली. त्यात व्हिसाचे, परीक्षेचे, विमानाचे पैसे आधी स्वतः भरा, पावत्या पाठवा, मग परतफेड होईल, हा तुमच्या कार्यालयांचा लाडका नियम. ज्याच्याकडे आधी भरायला नाहीत, तो शिष्यवृत्ती मिळूनही जात नाही, आणि तुमच्या नोंदीत त्याने 'वैयक्तिक कारणास्तव' नकार दिलेला असतो.

तुम्ही म्हणाल, सरकारला, देणगीदारांना हिशेब द्यावा लागतो, काहीतरी आकडे हवेतच. जरूर द्या. किती जणांना पोहोचल्यापासून महिन्याभरात राहायला जागा मिळाली, किती जणांना नाकारली गेली आणि कुठे. किती जणांनी पैशांअभावी नकार दिला. विद्यावेतन किती दिवस उशिरा जमा झालं. किती जणांची पदवी परतल्यावर मानली गेली. किती जणांनी मुदत वाढवून मागितली आणि किती जणांना दिली. तुमच्याकडून जितके गेले, त्यांच्या देशांत तितके आले का. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी तिथल्या कुणाशी अजून पत्रव्यवहार आहे, की नाही. हे सगळं मोजता येतं, आणि यातलं बहुतेक तुमच्या कार्यालयातल्या फायलींत आजही पडून आहे. ते दरवर्षी जाहीर करा. माझ्यासारखे शिफारसपत्रं लिहिणारे कितीतरी जण आहेत. आम्ही ते आकडे वाचू, आणि कुठे अर्ज करायचा, कुठे नाही, हे मुलांना त्यावरून सांगू.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका